रुआख हाकोदेश : बोर्डावर मराठीत काय लिहू?

फ्लेक्सवाला_सदर
नमस्कार. नागपुरात सदरला माझं फ्लेक्स-बोर्डाचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस, तेरवीचे फोटो, 'हक्काचा माणूस', जे येईल ते छापतो. परवा एक पास्टर आले. प्रार्थनागृहासाठी 10 बाय 4 चा बोर्ड, पेन्टेकॉस्ट या त्यांच्या सणाच्या रविवारच्या आत पाहिजे. वर हिब्रू अक्षरं, मधात देवनागरीत 'रुआख हाकोदेश', खाली मराठी अर्थ.

अर्थ काय टाकू म्हटलं तर पास्टर म्हणाले, पवित्र आत्मा. सोबत त्यांचा पुतण्या होता, बाहेरगावी बायबल कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, काका, मुळात तो वारा आहे. पास्टरबाई म्हणाल्या, वारा काय रे, श्वास म्हण. तिघं माझ्या एकुलत्या एका कूलरपुढे उभे राहून वाद घालून राहिले अन् मी की-बोर्डावर बोटं ठेवून बसलो. बाहेर नवतपा, मे अखेरचं रखरखीत ऊन. शेवटी 'तुम्हीच बघा बरं काय शोभते ते' म्हणून पाचशे रुपये ॲडव्हान्स देऊन गेले.

आता माझी अडचण. मी बौद्ध घरातला. आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. 'आत्मा' हा शब्द आमच्या घरी कोणी सहज तोंडात घेत नाही, बुद्धानं नाकारलेली गोष्ट आहे ती. गिऱ्हाइकाच्या बोर्डावर काय छापतो याचा माझ्या श्रद्धेशी संबंध नाही, दुकान तसं चालतही नाही. पण एकाच शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तीन अर्थ कसे होतात, हे डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

दुसरं. माझ्या जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे हिब्रू पेस्ट केलं की अक्षरं उलटी लागतात असा मला डाउट आहे. मागे एका उर्दू पत्रिकेत तसंच झालं होतं, 300 पत्रिकांची रद्दी झाली. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तर तपासू कसा?

कृपा करून 'ट्रान्सलेटरात टाक' सांगू नका. टाकलं. 'पवित्र आत्मा' आलं.


बर्डीचा_बंड्या
10 बाय 4 ला पाचशेच ॲडव्हान्स? आत्मा-बित्मा राहू दे, आधी तो वाढवून घे.


अजनी_ते_ठाणे
मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू आहे. वडील रेल्वेत होते, माझी सगळी शाळा अजनीच्या क्वार्टरमधून झाली. आता ठाण्यात असते. नागपूर दिसलं म्हणून थांबले.

आधी अक्षरं बघू, कारण ती उलटी लागली तर अर्थ कितीही सुंदर असून उपयोग नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं. तुमच्या बोर्डावर सात अक्षरं हवीत : रेश, वाव, खेत, मग जागा सोडून हे, कोफ, दालेत, शिन. बोर्डासमोर उभे राहा. उजव्या टोकाला रेश, म्हणजे वर आडवी रेघ आणि ती उजव्या हाताला वळून खाली आलेली. डाव्या टोकाला शिन, तीन दांड्यांचा, त्रिशुळासारखा. तो त्रिशूळ उजव्या टोकाला दिसला की समजा उलटं लागलं. हल्ली बरेच जण कोफनंतर आणखी एक वाव घालतात, मग आठ होतात. तेही चालतं. खाली स्वरांची टिंबं-रेघा देऊच नका, हमखास सरकतील.

उच्चार तुम्ही बरोबर लिहिलाय. खेतच्या खाली 'अ'ची रेघ असते आणि म्हणायचा मात्र तो खेतच्या आधी : रू-अ-ख. 'रूखा' नव्हे. नवशिक्यांना हे पटवताना नाकी नऊ येतात, पण मराठी माणसानं तक्रार करू नये. आपण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि नंतर उच्चारतो, तिथं कोण अडतं? शेवटचा ख 'खबर'मधला उर्दू ख. माझे वडील घशातून ह काढायचे, रूअह.

अर्थ. तिघंही बरोबर आहेत, म्हणून तर भांडत होते. आमच्या तनाखात, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, हा शब्द पावणेचारशेच्या वर वेळा येतो. जलप्रलयाचं पाणी ओसरावं म्हणून देव पृथ्वीवरून जो सोडतो तो रुआख, साधा वारा. मोशेच्या वेळी समुद्राला रात्रभर मागे लोटतो तो पूर्वेचा वारा, रुआख कादीम. एदेन बागेत देवाची चाहूल लागते ती वेळ 'दिवसाच्या रुआखची', म्हणजे उन्हं कलल्यावर झुळूक सुटते ती. नागपूरकर संध्याकाळी फुटाळा तलावावर जातात ना, तीच वेळ. आणि यहेज्केलाच्या 37व्या अध्यायात सुक्या हाडांच्या खोऱ्यात हा एकच शब्द तिन्ही कामं करतो. चारी दिशांचे वारे तोच, हाडांच्या सापळ्यात शिरणारा श्वास तोच, आणि शेवटी देव म्हणतो की मी माझा रुआख तुमच्यात घालीन, तोही तोच. हिब्रू वाचणाऱ्याला एका अर्थातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळतसुद्धा नाही. मराठीत तिथं दर वेळी शब्द बदलावा लागतो आणि सांधा दिसतो.

आता तुमच्या बोर्डाची गोष्ट. 'रुआख हाकोदेश' ही नेमकी जोडी तनाखात एकदाही नाही! 51व्या स्तोत्रात 'तुझ्या पावित्र्याचा रुआख' आहे, यशयाच्या 63व्या अध्यायात 'त्याच्या पावित्र्याचा' दोनदा. संपलं. तीनच. सुटी जोडी रूढ झाली ती नंतर, रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या काळात. आणि आमच्याकडे ती कोणी व्यक्ती नाही. देवाकडून माणसाला येणारं स्फुरण म्हणा. हाग्गय, जखऱ्या, मलाखी हे शेवटचे संदेष्टे गेले तेव्हा रुआख हाकोदेश इस्राएलातून उठला आणि मागे फक्त 'बात कोल' राहिला, असं रब्बी सांगतात. बात कोल म्हणजे शब्दशः आवाजाची लेक. पडसाद. 12व्या शतकातले रब्बी मोशे बेन मैमोन संदेष्टेपणाच्या पायऱ्या मोजतात, त्यात रुआख हाकोदेश दुसऱ्या पायरीवर येतो आणि स्तोत्रं, नीतिसूत्रं याच पायरीवरून लिहिली गेली असं ते म्हणतात. ज्याला अभंग सुचतो त्याला ही पायरी ओळखीची वाटेल.

पास्टर म्हणतात तो पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्यातला. शब्द आमचा, अर्थ त्यांचा. पण बोर्डही त्यांचाच आहे, तेव्हा माझी हरकत नाही.

ता. क. माझा भाचा इस्राएलात अश्दोदला असतो. त्याच्या रोजच्या हिब्रूत हवामानाच्या बातम्यांतला वारा रुआखच, आणि 'मूड कसा आहे' विचारायचं तर 'मात्साव रुआख', रुआखची अवस्था. एवढ्या मोठ्या शब्दाला रोज बाजारात पाठवतात.


समासवाले_गुरुजी
महालातला निवृत्त मराठी शिक्षक. व्याकरणाची बाजू राहिली, ती सांगतो.

'कोदेश' हे विशेषण नाही, नाम आहे : पावित्र्य. विशेषण 'कादोश'. 'हा' हा निश्चितपणा दाखवणारा उपसर्ग, आपल्या 'हा मुलगा'तला 'हा' नव्हे, गल्लत करू नये. तेव्हा 'पवित्र आत्मा' हा झाला कर्मधारय आणि मूळ शब्दाची बांधणी आहे षष्ठी तत्पुरुषाची, पावित्र्याचा आत्मा. हिब्रूत या जोडणीला स्मिखूत म्हणतात. पण म्हणून 'पवित्र आत्मा' चूक ठरवायची घाई नको. यरुशलेमला 'ईर हाकोदेश' म्हणतात, पावित्र्याचं नगर, आणि आपण बिनदिक्कत पवित्र नगरी म्हणतो. मराठीतही 'गुणाची पोर' म्हणजे गुणी पोरच. षष्ठी विशेषणाचं काम करते, वर्गात मी हेच उदाहरण द्यायचो.

वारा-श्वास-आत्मा या गुंत्याचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी आपलं घर तपासावं. संस्कृत 'अन्' धातू, श्वास घेणे. त्यातून प्राण, आणि त्यातूनच अनिल म्हणजे वारा. आत्मन् शब्दाचाही दूरचा भाऊ जर्मनमधला 'आटेम', अर्थ श्वास. फ्लेक्सवाले, तुमच्या घरी ज्या शब्दाला मज्जाव आहे तो मुळात नुसता श्वास आहे. त्याच्यावर तत्त्वज्ञान नंतर चढलं.

एक अवांतर, पण नागपूरकर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत बायबल छापायला सुरुवात केली ती बंगालात, सेरामपूरला, विल्यम केरीनं. मत्तयचं शुभवर्तमान 1805, नवा करार 1811, तोही मोडीत. केरीच्या हाताशी मराठीचे पंडित होते वैजनाथ शर्मा, आपल्या नागपूरकडचे. रघूजी भोसल्यांची वंशावळी 1816 मध्ये त्यांच्याच नावावर तिथं निघाली. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये केडगावला ते पूर्ण छापून निघालं. एका बोर्डाच्या तीन शब्दांसाठी आपण इथं घाम गाळतोय, त्या बाईंनी काय केलं असेल याचा विचार करावा.


खसची_ताटी
अस्सलाम वालेकुम. इतवारीत अत्तराचं दुकान. माझा मराठी माफ करा.

रूह आणि रुआख एकच घराचे. अरबीत रूह म्हणजे जान, आत्मा, आणि रीह म्हणजे हवा, दोन्हीचं मूळ एक. कुरआनशरीफमधे 'रूहुल कुदुस' आहे, हजरत ईसांना त्याने बळ दिला असं सूरे बकरामधे येते. आमचे बरेचसे उलेमा त्याला जिब्रील फरिश्ता मानतात. म्हणजे बघा, तीन घरं, नाव एक, माणूस वेगळा.

आमच्या धंद्यात पण रूह असते. चंदनाच्या तेलावर उतरवला तो अत्तर. काहीच न मिसळता निव्वळ फुलाचा किंवा मुळीचा अर्क काढला ती रूह. रूह गुलाब, रूह खस. तुमच्या कूलरच्या ताटीत जो खस लावता ना भाऊ, त्याच मुळ्यांची. पाणी सोडून पंखा लावला की जो गारवा नाकात येतो, तो वारा, श्वास की रूह, तुम्हीच सांगा.


अजनी_ते_ठाणे
@खसची_ताटी वालेकुम सलाम. तुम्ही नकळत फार आतलं बोललात. हिब्रूत वासाला 'रेयाख' म्हणतात, रुआखच्याच कुळातला शब्द. आणि तालमूद या रब्बींच्या ग्रंथात, बेराखोत नावाच्या भागात एक प्रश्न आहे : असं काय आहे ज्याचा उपभोग जीव घेतो आणि शरीराला काहीच मिळत नाही? उत्तर, सुगंध.


फ्लेक्सवाला_सदर
गुरुजी, एक विचारतो. मी दर वर्षी विपश्यनेला जातो. तिथं आनापान करवतात, नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचा. त्यातला 'आन' तुमच्या 'अन्'चाच ना? म्हणजे आम्ही आत्मा दरवाजातून काढला अन् श्वास दहा दिवस मांडी घालून बघून राहिलो.

आता खरं ज्यासाठी लिहून राहिलो ते. काल रात्री ठाण्याच्या ताईंची पोस्ट वाचली अन् मला आजी आठवली. आजीचं माहेर काटोलकडचं. ती म्हणे, 'अमकीच्या अंगात वारं आलं.' म्हणजे देवी आली. पोराला दृष्ट लागली, पोर किरकिर करून राहिलं, तर 'बाहेरचं वारं लागलं'. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, अंगात येणं गेलं, लिंबू-मिरची गेली. आजोबा त्या बाबतीत कडक. पण आजीच्या तोंडातून तो शब्द काही गेला नाही. भर मे महिन्यात खाटेवर पडून 'वारं नाही गा बाई आज' म्हणे अन् त्याच दमात शेजारणीच्या अंगातलं वारं सांगे. तिला दोन शब्द वाटतच नव्हते.

तर माझं म्हणणं, हिब्रूतला वारा अन् आत्मा एक आहे म्हणून आपण इतके चकित काहून होऊन राहिलो? आपल्यापाशी 'वारं' आहे ना. पास्टरांना म्हणू का, खाली 'देवाचं वारं' टाकू?


रात्रपाळीची_सिस्टर
टाकू नका!

मी ख्रिस्ती, नर्स आहे, नागपुरातच. तुमचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच सांगते टाकू नका. आमच्या वॉर्डात नातेवाईक पेशंट घेऊन येतात आणि म्हणतात, 'सिस्टर, यांच्या अंगावरून वारं गेलं.' म्हणजे अर्धांग. 'देवाचं वारं' वाचून अर्ध्या लोकांना देवी आठवेल आणि उरलेल्यांना स्ट्रोक.

पण बायबल उघडून बघाल तर तुमची आजी बरोबर निघते. शमशोन नावाच्या वीरावर परमेश्वराचा रुआख एकदम येऊन आदळतो आणि तो सिंहाला हातांनी फाडतो. शौल राजा संदेष्ट्यांच्या टोळीत सापडतो, त्याच्या अंगात रुआख येतो आणि तो त्यांच्यासारखाच घुमायला लागतो. एकदा तर कपडे काढून दिवस-रात्र पडून राहतो, आणि लोकांत म्हणच पडते, 'शौलही संदेष्ट्यांतला का?' आणि त्याच शौलाला वाईट रुआखही छळतो, तेव्हा दावीद वीणा वाजवून त्याला शांत करतो. हे तुमचं बाहेरचं वारं. होशेयच्या पुस्तकात तर लोक 'रुआखचा माणूस' वेडा झालाय असं म्हणतात. चर्चमधे आम्ही हे उतारे भराभर वाचून पुढे जातो.

सगळंच असं धडाधड नसतं म्हणा. निर्गमच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. देव त्याला रुआखनं भरतो, कशासाठी? सोनं-चांदी घडवायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला. बोर्डवाल्यांनी हा उतारा पाठ करून ठेवावा.

आणि एक. रुआख बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत, सगळीकडे अंधार आणि पाणी, आणि देवाचा रुआख पाण्यावर 'मेराखेफेत'. ते क्रियापद स्त्रीलिंगी आहे, आणि बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात तेच क्रियापद गरुड आपल्या पिलांवर पंख हलवतो त्याला वापरलंय. सेमिनरीतल्या एका बाईंनी आम्हाला शिकवताना मराठी शब्द दिला होता, पाखर घालणे. मायेची पाखर म्हणतो ना, ती. ग्रीकमधे गेल्यावर हा शब्द नपुंसकलिंगी झाला, लॅटिनमधे पुल्लिंगी, आणि आपल्याकडे 'आत्मा' म्हणून तो कायमचा पुरुष झाला. मला याचं थोडं वाईट वाटतं, पास्टरांना सांगू नका.


अजनी_ते_ठाणे
राशी या ज्यू भाष्यकारानंही, 11व्या शतकात, त्या ओळीवर हेच लिहिलंय : घरट्यावर पंख हलवणाऱ्या कबुतरासारखं. मात्र ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात तिथं सरळ वारा वाहतो. पास्टरबाई आणि पुतण्या यांचं भांडण फार जुनं आहे, त्यांना कळवा.


समासवाले_गुरुजी
आनापानातला 'आन' त्याच धातूचा, होय. आणि 'पाखर' शब्द सुचवणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.


फ्लेक्सवाला_सदर
अपडेट देतो, लोक विचारून राहिले.

अक्षरं उलटीच होती. त्रिशूळ उजवीकडे! ताई, तुम्ही नसत्या तर बोर्ड तसाच लागला असता अन् वर्षभर कोणाला कळलं नसतं, हे त्याहून वाईट. मग मोबाइलवर टाइप केलं, मोठं करून स्क्रीनशॉट घेतला अन् त्यावरून एक-एक अक्षर ट्रेस केलं. बसालेलसारखं नाही, पण दोन तास गेले.

पास्टर, बाई अन् पुतण्या शनिवारी दुपारी आले. मी त्यांना हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. शौलाचं आलं तेव्हा पास्टर जरा गप्प झाले. पुतण्या खूश. 'देवाचं वारं' म्हटल्यावर पास्टर हसले अन् म्हणाले, माझी आईही असंच म्हणे, पण बोर्डावर नको. तिसऱ्या ओळीत 'पवित्र आत्मा'च राहिलं, मोठ्या अक्षरात. मंडळी तेच नाव घेऊन प्रार्थना करतात, त्यात बदल करणारा मी कोण.

पण खाली दोन इंच जागा उरत होती. बाईंनी तिथं लहान अक्षरात ओळ टाकायला लावली : 'देवाचा श्वास पाण्यावर पाखर घालत होता.' मी म्हटलं, मुळात 'होती' आहे म्हणे. त्यावर पुन्हा वीस मिनिटं कूलरपुढे. श्वास पुल्लिंगी, त्याला 'होती' लावलं तर लोक मला अडाणी म्हणतील, असं मीच सांगितलं अन् ते थांबलं. सिस्टर, सॉरी.

बोर्ड रविवारी लागला. गच्चीवर उघड्यावर आहे, संध्याकाळी वावटळ सुटली की फ्लेक्स फाटते, म्हणून वारं जायला चार ठिकाणी अर्धगोल कट मारून दिले. त्यातला एक कट नेमका 'श्वास'च्या खाली आला, पण अक्षर वाचलं.

बंड्या, बाकीचे पैसे अजून आले नाहीत.